बसल्याजागी टेनिस

व्हिडिओ गेम खेळायला खरं तर दोन अंगठे पुरतात. बाकीचा देह आपण हौसेनं घालतो.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता (बहुतेकांच्या घरी नव्हताच, तो वरच्या मजल्यावरच्या एखाद्या बंटीकडे असायचा आणि तेवढ्यासाठी बंटीचे सगळे अपराध पोटात घातले जायचे), त्यांना आठवत असेल. मारिओला खड्ड्यावरून उडी मारायची असली की खेळणारं पोरगं हातातला रिमोट पोटापासून थेट कपाळापर्यंत उचलायचं. त्या बिचाऱ्या रिमोटला वर-खाली काही कळत नसे. बटण दाबलं की नाही, एवढंच त्याला ठाऊक. तरी मारिओ खड्ड्यात गेला की पोरगं हळहळायचं, ‘नीट उचलला नाही रे!’ मोटारीच्या शर्यतीत वळण आलं की सतरंजीवरची अख्खी रांग डावीकडे कलायची. त्यातल्या एकाच्याच हातात रिमोट असे. उरलेले फुकट कलत. वायर आखूड, त्यामुळे उडी जरा जोरात झाली की मारिओऐवजी टीव्हीखालचं यंत्रच उडी मारायचं आणि आतून बंटीच्या आईचा आवाज यायचा.

तर अंगविक्षेप आधीपासून होतेच. ते मोजायची सोय तेवढी नव्हती.

ती सोय करायचा एक मोठा गाजावाजा १९८९ साली झाला. मॅटेलनं, म्हणजे त्या बार्बीवाल्यांनी, निन्टेंडोच्या यंत्रासाठी ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा आणला. मोज्यातून माणसाला ऐकू न येणारे आवाज निघत, टीव्हीभोवती लावलेले तीन मायक्रोफोन ते ऐकत आणि हात कुठे आहे याचा अंदाज बांधत. अंदाजच तो. त्याच वर्षीच्या ‘द विझर्ड’ या इंग्रजी चित्रपटात एक पोरगा हा मोजा चढवून असा काही थाट करतो की कोणालाही तो हवासा वाटावा. थाटाच्या बाबतीत मोज्यात खोट नव्हती. खेळ त्याच्यानं धड होत नसे, एवढंच. मग १९९३मध्ये सेगानं जमिनीवर ठेवायचं एक अष्टकोनी कडं काढलं. कड्याच्या मध्ये उभं राहायचं आणि खालून वर जाणाऱ्या अदृश्य किरणांत हातपाय घालायचे. तुमची लाथ पडद्यावर पोचेपर्यंत समोरचा पहिलवान तुम्हाला उताणं करून मोकळा होई. त्याच्याबद्दल जास्त काही लिहावं असं नाही.

खरी गंमत निन्टेंडोच्या वी या यंत्रानं केली, आणि तीही रिमोटच्या जिवावर. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी सप्टेंबर २००५मध्ये टोकियोच्या गेम शोमध्ये तो दाखवला. यंत्र बाजारात आलं २००६च्या शेवटी. इवातांचं म्हणणं सरळ होतं. गेमचे कंट्रोलर बटणांनी इतके भरले आहेत की घरातली निम्मी माणसं त्यांना हात लावायला बिचकतात. टीव्हीच्या रिमोटला मात्र कोणी बिचकत नाही. मग कंट्रोलर रिमोटसारखाच करावा आणि त्याला म्हणावंही रिमोटच.

इवातांना मराठी घराची कल्पना नसावी. आपल्याकडे रिमोटला सगळे बिचकतात, कारण तो बाबांच्या मांडीवर असतो. पण हलवून चालवायचा रिमोट ही काही आपल्याला नवलाई नव्हती. सेल उतरले की रिमोट तळहातावर दोनदा आपटायचा, चिकटपट्टीनं तगवलेलं मागचं झाकण काढून सेल जागच्या जागी फिरवायचे, पुन्हा आपटायचा, मग हात लांब करून तो टीव्हीच्या तोंडापर्यंत न्यायचा. एवढा व्यायाम आपण पिढ्यान्‌पिढ्या नुसता आवाज कमी करायला करत आलो आहोत.

आपल्याकडे हे वी बहुतेक करून अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेतून आलं, चॉकलेटं आणि बॉडी स्प्रे यांच्या मधल्या जागेतून. सोबत एक मुद्दा यायचाच: तिकडची वीज वेगळी, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून एक वीटभर वजनाचा ट्रान्सफॉर्मर आणावा लागे. मग टीव्हीवर एक बारीक पट्टी ठेवायची. तिचं नाव ‘सेन्सर बार’. या पट्टीला काहीही जाणवत नाही. तिच्या दोन टोकांना फक्त डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात. ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो. पट्टी हरवली तर टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावूनही भागतं, हे पुष्कळांनी करून पाहिलं आहे. दिवाळीत पणत्यांवरसुद्धा भागायला हरकत नाही.

यंत्राबरोबर जपान सोडून बहुतेक ठिकाणी ‘वी स्पोर्ट्‌स’ हा खेळ फुकट मिळायचा. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग. चित्रं अगदी साधी, खेळाडूंना हातसुद्धा नाहीत, मनगटाजवळ नुसते गोळे तरंगतात. पण ज्यांनी आयुष्यात गेमकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती माणसं उठून उभी राहिली. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमध्ये बोलिंगचे सामने भरायला लागले. वीची विक्री शेवटी दहा कोटींच्या वर गेली.

आमच्याकडे हा चमत्कार आत्याच्या रूपानं घडला. आत्या सांगलीहून चार दिवसांसाठी आली होती. गुडघ्याला पट्टा, हातात जपमाळ. ‘मला नको बाई तसलं काही,’ म्हणून तिनं रिमोट दूर सारला. मग ‘नुसता हातात धरून बघते’ म्हणाली. मग तिनं पदर खोचला. तिकडच्या दहा बाटल्या पाडायच्या आहेत एवढं समजल्यावर तिला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही; लगोरी ती जन्मभर खेळली होती. तिचा नेम बघून आमच्या घरातल्या दोन इंजिनिअरांनी ‘सेटिंगमध्ये काहीतरी गडबड आहे’ असा निष्कर्ष काढला. रात्री जेवणं खोळंबली. जपमाळ टीव्हीवर, सेन्सर बारशेजारी.

आता या बोलिंगमध्ये एक ग्यानबाची मेख आहे. चेंडू सोडायचा तो बटण सोडून; रिमोट सोडायचा नसतो. पण हात मागून पुढे झोकल्यावर शेवटी बोटं उघडणं हे माणसाला शिकवावं लागत नाही, न उघडणं शिकवावं लागतं. वी आल्यावर महिन्याभरात अमेरिकेत रिमोट टीव्हीत, खिडकीत आणि एकमेकांच्या डोक्यात जायला लागले. रिमोटला मनगटात अडकवायची दोरी होती; ती तुटायची. डिसेंबर २००६मध्ये कंपनीनं सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली आणि दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात रिमोटला घालायला सिलिकॉनचं जाडजूड कव्हर फुकट द्यायला सुरुवात झाली. रिमोट कव्हर घातल्याशिवाय वापरू नये, हे ज्ञान आपल्या घरांमध्ये रंगीत टीव्हीबरोबरच आलेलं होतं. फक्त त्यांनी आपल्याला विचारलं नाही.

टीव्हीची ही कथा, खांद्यांची वेगळी. स्पेनमधला एक एकोणतीस वर्षांचा निवासी डॉक्टर एका रविवारी उजवा खांदा धरूनच उठला. आदल्या दिवशी तो कित्येक तास टेनिस खेळला होता, अर्थात दिवाणखान्यात. या दुखण्याची नोंद २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रीतसर छापून आली. उपचार: आठवडाभर वेदनाशामक गोळ्या आणि वी पूर्ण वर्ज्य. जगातल्या एवढ्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात शिरण्यासाठी लोक आयुष्य घालवतात. या गृहस्थाचं काम एका शनिवारात झालं.

इथवर सगळं इवातांच्या मनासारखं चाललं होतं. माणसं उठली होती, हलत होती, लंगडतही होती. आणि मग मनुष्यजातीला मनगटाचा शोध लागला.

त्याचं असं आहे. त्या पहिल्या रिमोटमध्ये जी चिप होती, ती वेग किती पटकन बदलला एवढंच मोजते. हात कुठून निघाला, कुठे पोचला, खांदा फिरला का, कंबर वळली का, पाय कुठे होते, याचं तिला सोयरसुतक नाही. त्यामुळे पाय रोवून, रॅकेट मागे नेऊन, श्वास धरून मारलेला देखणा फटका आणि पलंगावर लोळत मनगटाला दिलेला एक झटका, यांत तिला फरक कळत नाही. उलट झटकाच तिला जास्त आवडतो, कारण तो आखूड आणि तीव्र असतो. त्यातून ‘वी स्पोर्ट्‌स’च्या टेनिसमध्ये धावायचं कामही तुमच्याकडे नसतं, पडद्यावरचा खेळाडू आपला आपण चेंडूपाशी जातो. तुम्ही फक्त वेळेवर झटकायचं.

हे गुपित मोठ्यांना उशिरा कळतं, पोरांना पहिल्या तासात. कुठल्याही घरातला सामना बघा. एका बाजूला काका. त्यांनी कॉलेजात खरं टेनिस खेळलेलं असतं, किंवा तसं ते सांगतात. त्यांनी टीपॉय सरकवलेला असतो, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या असतात, सर्व्हिस करताना ते टाचा उचलतात आणि तोंडानं ‘हंऽ’ असा आवाजही काढतात. दुसऱ्या बाजूला त्यांचा दहा वर्षांचा पुतण्या. तो सोफ्यात रुतलेला. डाव्या हाताला चिवड्याची वाटी. काकांचा चेंडू आला की तो न बघता उजवं मनगट झटकतो, माशी हाकलल्याइतकं, आणि चेंडू काकांच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन पडतो. काका घामाघूम होऊन हरतात आणि वर ऐकून घेतात, ‘काका, तुम्ही उगाच एवढं हलता.’

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी याच सुमारास पोरांना वी खेळायला लावून किती शक्ती खर्च होते ते मोजलं. बसून खेळायच्या गेमपेक्षा जास्त, पण खऱ्या खेळापेक्षा कमी, असं निघालं. ती पोरं प्रयोगशाळेत होती आणि कोणीतरी बघत होतं, हे लक्षात घ्या. वाटीतल्या चिवड्याची वजावट त्यात धरलेली नसणार.

मला यातली खरी मौज ही वाटते. रिमोटला काही कळत नव्हतं तेव्हा आपण उड्या मारत होतो. त्याला कळायला लागलं आणि आपण बसून घेतलं.

कंपन्या काही गप्प बसल्या नाहीत. २००९मध्ये निन्टेंडोनं रिमोटच्या बुडाला लावायचा एक जादा तुकडा काढला, त्यात हात कसा वळतो हेही कळायची सोय होती. त्याआधी ‘वी फिट’ आला. त्याचे कर्ते शिगेरू मियामोतो, म्हणजे मारिओचेच जनक, रोज वजन करून त्याची नोंद ठेवत आणि त्यांना त्यात मजा येई. गेमची कल्पना तिथून निघाली. त्यासाठी जो पाट केला, त्याचं मूळ सुमो पहिलवानांत आहे. हे पहिलवान एका काट्यावर मावत नाहीत, दोन काट्यांवर एकेक पाय ठेवून उभे राहतात, आणि त्यावरून मियामोतोंना सुचलं की तोल कुठल्या पायावर आहे ते असं मोजता येईल. तर या पाटावर उभं राहिलं की तो तुमचं वजन करतो, उंचीशी ताडून बघतो आणि पडद्यावरच्या तुमच्या बाहुलीचं पोट तुमच्यादेखत फुगवतो. हे ऐकायला जपानी माणसाला यंत्र विकत घ्यावं लागतं. आपल्याकडे लग्नकार्यं आहेत.

आणखी एक मासला सांगायलाच हवा. ‘झेल्डा’ या मालिकेतला नायक लिंक तोवर डावखुरा. त्याचा २००६चा खेळ आधीच्या यंत्रासाठी जवळजवळ तयार होता, तोच तो वीवरही काढायचं ठरलं. आता तलवार रिमोट हलवून चालवायची आणि बहुतेक गिऱ्हाईक उजव्या हाताचं. लिंकचा हात बदलायचा तर सगळी जुळणी बिघडणार. तेव्हा निन्टेंडोनं अख्खा खेळच आरशात धरल्यासारखा उलटा केला. डोंगर, नद्या, गावं, वाडे, सगळं इकडचं तिकडे. जे गाव पूर्वेला होतं ते पश्चिमेला गेलं. एका रिमोटसाठी पृथ्वी फिरवली! आणि एवढं करून खेळणाऱ्यानं काय केलं? सोफ्यावर बसून मनगट झटकलं.

मायक्रोसॉफ्टनं ठरवलं, रिमोटच नको. हातात काही दिलंच नाही तर झटकणार काय? नोव्हेंबर २०१०मध्ये एक्सबॉक्ससाठी किनेक्ट आला. हा कॅमेरा अख्ख्या माणसाकडे बघतो, त्याचे सांधे ओळखतो. पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लाख खपले. गिनीज बुकात नाव लागलं. तुम्हाला उभं राहावंच लागेल, असा त्याचा बाणा.

अडचण जागेची होती. एकट्यानं खेळायचं तर कॅमेऱ्यापासून सहा फूट, दोघांनी खेळायचं तर आठ फूट मोकळी जागा ठेवा, अशी कंपनीची सूचना. ती वाचून डोंबिवलीतल्या माणसाला हसू येणार नाही तर काय? दहा बाय बाराचा हॉल. त्यात शोकेस, दिवाण, सोफा, टीपॉय, घडीचं डायनिंग टेबल, व्यायामाची सायकल (वाळत घातलेल्या टॉवेलसकट). आठ फूट मागे सरकलं की माणूस स्वयंपाकघरात, कधी कधी जिन्यात. आणि सामान हलवून कशीबशी जागा केलीच, तर वरचा पंखा उरतो. उंच उडीच्या खेळात हात वर करताना आधी पंख्याकडे बघणारा खेळाडू ऑलिंपिकमध्ये दिसत नाही, आपल्याकडे दिसतो.

शिवाय कॅमेऱ्याला माणूस दिसला की तो त्याला खेळाडू समजायला टपलेला. आई कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे निघाली की पडद्यावर एक नवा भिडू आला. बादलीचं काय करावं हे त्याला उमगत नसे. आणि नुसतं ‘सुरू करा’ म्हणायचं तर पडद्यावरच्या चौकोनावर हात हवेत धरून तसंच थांबायचं. हात वर करून उभं राहण्याचे आपल्या शाळेत वेगळे पैसे पडत नसत.

२०१३मध्ये एक्सबॉक्सच्या नव्या यंत्राबरोबर किनेक्ट सक्तीचा केला, किंमत ४९९ डॉलर. वर्षभरात सक्ती मागे घेतली. किनेक्टशिवायचं यंत्र ३९९ डॉलरला मिळू लागलं आणि लोकांनी शंभर डॉलर वाचवले. २०१७मध्ये उत्पादनच थांबलं. शस्त्रक्रियेच्या खोलीत हात न लावता स्कॅन सरकवायला, रोबोंना रस्ता दाखवायला तो पुष्कळ उपयोगी पडला. घरी मात्र त्याच्यासाठी टीपॉय हलवायची तयारी कोणाची नव्हती.

मग असा हलवून खेळायचा कंट्रोलर घ्यावा की घेऊ नये, असं लोक विचारतात, विशेषतः पोरं मागे लागल्यावर. माझं मत असं आहे की मोशन कंट्रोलर म्हणजे शोकेसमधला चांगला कपबशीचा सेट. पाहुणे आले की काढावा, सगळे खूश होतात, चार तास घर हसतं. पण मंगळवारी रात्री दमूनभागून आलेला माणूस स्वतःसाठी तो काढत नाही. त्याला आपला कान तुटलेला नेहमीचा कपच लागतो. तेव्हा आत्या येणार असेल तर जरूर घ्या.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जिथे एक बटण पुरे होतं तिथे रिमोट हलवायला लावणारे खेळ. २०१०च्या डाँकी काँगमध्ये माकडानं कोलांटी मारावी म्हणून आपण रिमोट गदागदा हलवायचा. माकड कोलांटी मारेपर्यंत दरी आलेली असते. अशा जागी कसलेला खेळाडू पहिलं काम करतो ते सेटिंगमध्ये जाऊन हालचाल बंद करण्याचं. आणि तशी सोय नसेल तर कंपनीच्या पूर्वजांना आठवण्याचं.

याउलट, हलवणं जिथे अगदी थोडं आणि बारीक असतं, तिथे ते कामाचं निघालं. ‘स्प्लाटून’सारख्या रंग उडवायच्या खेळात नेम अंगठ्यानं ढोबळ धरायचा आणि कंट्रोलर किंचित तिरपा करून तो नेमका करायचा. एकदा सवय झाली की सुटत नाही. त्यासाठी उठावंही लागत नाही, हा त्याच्या यशाचा मोठा भाग असावा.

‘बीट सेबर’वाल्यांनी मात्र मनगटाची चोरी बरोबर पकडली. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन हातांत प्रकाशाच्या दोन तलवारी, आणि गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे कापायचे. नुसतं मनगट झटकूनही ठोकळा कापला जातो, पण गुण थोडेच मिळतात. पूर्ण गुण हवेत तर कापायच्या आधी शंभर अंश आणि कापल्यावर साठ अंश तलवार फिरली पाहिजे. म्हणजे हात खांद्यातून हलवा. काकांना या खेळात न्याय मिळाला असता. पण हेडसेट घातल्यावर खोली दिसत नाही, आणि काकांना टीपॉय माहीत असला तरी टीपॉयला काका माहीत नसतात.

सध्या आमच्याकडे निन्टेंडोचा ‘रिंग फिट’ आहे, २०१९चा. प्लॅस्टिकचं एक कडं दाबायचं-ताणायचं, एक कंट्रोलर मांडीला पट्ट्यानं बांधायचा आणि जागच्या जागी धावायचं. पडद्यावरचा माणूस तसा रानातून धावतो. मांडी हलली नाही तर तो जागचा हलत नाही, म्हणून हा मला प्रामाणिक खेळ वाटतो. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यात धावण्याऐवजी उठाबशा काढायची सोयही आहे. तिला हात लावण्याचा आमच्या घरात कोणाचा विचार नाही. त्यापेक्षा खालच्यांना त्रास झालेला बरा.

तो झालाच. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात खालचे काका, हातात चष्मा.

‘फरशी बदलताय का?’

‘नाही हो काका, मुलगी गेम खेळतेय. आत या ना.’

काका आत आले. पाच मिनिटं त्यांनी सगळं नीट पाहिलं: ते कडं, तो मांडीचा पट्टा, तो घाम. मग म्हणाले, ‘पण काय हो, हे बसून नाही का खेळता येत?’

म्हटलं, ‘हे नाही. पण दुसरं एक आहे. टेनिस.’ आणि मी त्यांना सोफ्यावर जागा करून दिली.